हँडलवरचा गमछा

फुलसावंगी
३ सप्टेंबर २०२४

घनश्यामकाका,

अस्माचा सलाम. ओळखलंत ना? आठ वर्षांपूर्वी तुमच्या वीज उपकेंद्रात अप्रेंटिस होते आणि कामापेक्षा तुमच्या डब्यातल्या ठेच्याकडे माझं जास्त लक्ष असायचं, ती अस्मा. आता मी स्वतःच ऑपरेटर आहे, आमच्या गावापासून सात किलोमीटरवरच्या उपकेंद्रात.

काकूंकडून कळलं की तुम्हाला फोनवरचं आता नीट ऐकू येत नाही. खरं सांगू, मला बरंच वाटलं. मलाही हल्ली फोन नको झालाय. का, ते लिहिते.

एकवीस ऑगस्टला भावसिंगने, म्हणजे आमच्या लाईनमनने, तारेवर काम करायला शेतीच्या फीडरचं परमिट घेतलं. आता तुमच्या वेळेसारखं कोणी उपकेंद्रात येत नाही, सगळं फोनवर चालतं. तो फोन करतो, मी लाईन बंद करते आणि नंबर देते. काम झालं की त्यानेच फोन करून तो नंबर परत द्यायचा, मग मी लाईन चालू करायची. तीनला पाच कमी असताना त्याच्या मोबाईलवरून फोन आला, "झालं मॅडम, सोडा लाईन." माझा हात ब्रेकरच्या हँडलवर गेला. सवयीने मी विचारलं, "परमिट नंबर?"

पलीकडचा माणूस गडबडला. म्हणाला, "नंबर मले काय माहीत? भावसिंग वरच हाय अजून. मी खालून बोलून राह्यलो. त्याचं होतच आलं, मटलं सांगून द्यावं."

शेताचा मालक होता तो. भावसिंगने फोन त्याच्याकडे ठेवायला दिला होता. मोटार लवकर सुरू व्हावी म्हणून बिचाऱ्याने घाई केली. आणि भावसिंग खांबावर होता, काका. दोन्ही हात तारेला.

वाईट काही झालं नाही. भावसिंगने त्याला खाली उतरून शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पेढे घेऊन आला. म्हणाला, "ताई, तू नंबर विचारला म्हून मी हाय." साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

मग मला काय झालंय? फोन वाजला की छातीत धडधडतं, हात गार पडतात. जेवताना मधेच उठावंसं वाटतं. अम्मी म्हणते, "काम का टेन्शन है बेटी, उतर जाएगा." तुम्ही बत्तीस वर्षं हेच काम केलं. हा कामाचा ताणच आहे ना? साधारण किती दिवस राहतो?

तुमची
अस्मा


नेर
११ सप्टेंबर

चि. अस्मास घनश्यामचा आशीर्वाद.

ठेचा खाणारी पोर विसरेन होय? तू गेल्यावर महिनाभर डबा जड लागत होता मला.

पत्र दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. अगं, तू माणूस वाचवलास! कर नाही त्याला डर कशाला? आता धडधडतं ते साहजिक आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा ताण आहे, दुसरं काही नाही. आठ दिवस रजा टाक, मावशीकडे जा, पोटभर झोप. कापसाची गाडी रिकामी झाली की बैल आपोआप हलके चालतात, तसं होईल.

आणि एक कर. आपली जुनी रीत आठवते? लाईनमन परमिट घ्यायला आला की आपला गमछा ब्रेकरच्या हँडलला बांधून जायचा. हँडलला गमछा दिसला की समजायचं, माणूस खांबावर आहे, हात लावायचा नाही. आता कोणी येत नाही म्हणतेस, तर तूच एक गमछा घेऊन ठेव. परमिट दिलं की बांध, परत आलं की सोड. डोळ्यांना खूण राहते आणि मनाला आधार. माझ्या बत्तीस वर्षांत हात एकदाही चुकला नाही, तो या गमछ्याच्या जोरावर. आणि पुढे नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना घरी आलो तो केवळ सोयाबीनकडे बघायला कोणी नव्हतं म्हणून. नाहीतर अजूनही त्याच खुर्चीवर बसलो असतो.

काकू म्हणते, पोरीला सांगा, नेरला ये. खरंच ये.

घनश्याम


फुलसावंगी
२४ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र मी उशीजवळ ठेवलंय. आठ दिवस रजा घेतली, उमरखेडला मावशीकडे राहून आले. अब्बांनी पुसदच्या बाजारातून लाल गमछा आणून दिला. मोटार वाइंडिंगचं दुकान सोडून ते कुठे जात नाहीत, पण माझ्यासाठी गेले. दुकानदाराने विचारलं, "गुलामभाई, तुमी कवापासून गमछा घालून राह्यले?" तर म्हणाले, "मेरी बेटी के ऑफिस का है." अम्मी दिवसभर हसत होती.

गमछा बांधायला लागल्यापासून बरं वाटतंय. गाठ दिसली की जीव शांत होतो. कधी एखादवेळी खुर्चीवरून उठून गाठ घट्ट आहे ना, ते बघून येते, एवढंच. त्याने नुकसान तर काही नाही.

मावशीकडे असतानाही एक-दोनदा धडधडलं. तिथे परमिट नव्हतं की फीडर नव्हता, आता काय सांगायचं! पण ते सोडा. तुमचा उपाय लागू पडला.

काकूंना सलाम.
अस्मा


नेर
२ ऑक्टोबर

चि. अस्मा,

बघ, मी म्हटलं नव्हतं? जुनं ते सोनं. गाठ एकदा सोडून दोनदा बघितली म्हणून कोणी दंड करत नाही. उलट दहा वेळा बघणारा ऑपरेटरच चांगला. आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलंय, हात मोकळे नाहीत, म्हणून चार ओळी. गुलामभाईंना माझा नमस्कार. गमछा त्यांनाही शोभला असता.

घनश्याम


फुलसावंगी
९ नोव्हेंबर

काका,

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं आणि वाईट लिहायची लाज वाटत होती.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. एक-दोनदा नाही, मावशीकडे रोज धडधडायचं. तिच्या घरचं मीटर बघायला मी दिवसातून चार वेळा अंगणात जायचे. मावशीला वाटलं, पोरगी बिल किती येतं ते बघते.

गमछ्याचंही तसंच झालं. आधी गाठ एकदा बघायचे. मग तीनदा. मग वाटायला लागलं, गाठ मी सोडली ती भावसिंगचा फोन आल्यावर सोडली की आधी? रजिस्टर बघायचं. रजिस्टरात माझंच अक्षर, तरी विश्वास बसत नाही. मग भावसिंगला फोन करायचा, "तू उतरलास ना?" तो म्हणतो, "ताई, मी घरी जेवून राह्यलो." फोन ठेवला की वाटतं, तो आवाज भावसिंगचाच होता ना?

चार नोव्हेंबरला सकाळी साडेदहाला त्याने परमिट परत दिलं. नाव बरोबर, नंबर बरोबर. मी गाठ सोडायला गेले आणि हात हालेना. दोन तास पन्नास मिनिटं लाईन बंद ठेवली. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत. पंधरा-वीस लोक गेटवर आले. एकजण ओरडला, "मॅडम, झोपल्या काय?" मी खुर्चीत बसून त्या लाल गाठीकडे बघत होते. शेवटी भावसिंग मोटरसायकलवर आला, माझ्यासमोर उभा राहिला, म्हणाला, "हे पाय, मी हाय." तेव्हा कुठे गाठ सुटली.

साहेबांनी मेमो दिलाय. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

काका, कर नाही, तरी डर आहे. तुम्ही म्हणाला होतात ताण उतरतो. रजा घेतली, झोपले, खाल्लं, गमछा बांधला. उतरत नाही. म्हणजे दोष कामात नाही, माझ्यात आहे. तुमचा हात बत्तीस वर्षांत एकदा चुकला नाही. माझा तर चुकलाही नाही आणि मी मोडले. अशा माणसाने त्या खुर्चीवर बसू नये. राजीनामा लिहून ठेवलाय. तीस तारखेला देणार. या उपकेंद्रातली पहिली बाई ऑपरेटर म्हणून गावाने सत्कार केला होता, ती शाल अम्मीने पेटीत ठेवली आहे. तिला अजून सांगितलं नाही.

तुमचा वेळ घेतला, माफ करा.

अस्मा


नेर
१५ नोव्हेंबर

अस्माबाईले इंदूकाकूचा आशीर्वाद.

मी चवथी शिकलेली हाव. जसं बोलतो तसंच लिहून राह्यली, हासू नको.

तुयं पत्र आलं तवा हे वाचता वाचता ओसरीतच बसले. जेवले नाही. मी इचारलं, काय लिहिलं पोरीनं? त सांगेना. मंग दुपारी हे वावरात गेल्यावर मी चष्मा लावून वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नोये, पन वाचलं.

पोरी, तुले वाटते तुया काकाले काई नाही झालं? मी सांगतो. आमच्या घरी गॅसच्या टाकीले गमछा बांधेल असते. मेन स्विचले एक. इहिरीच्या मोटारीच्या डब्याले एक. हे सकाळी बांधते, मंग पायते, मंग सोडते, मंग पुन्हा बांधते. वावरात निंघाले की अर्ध्या वाटेतून वापस. लोकाइले सांगते, तंबाखूची डबी राह्यली. आमच्या पोरीच्या लग्नात मांडवातून तीन खेपा घरी आलते, मेन स्विच पाह्याले. नोकरी सोयाबीनसाठी नाही सोडली. हात कापे, हँडल धरता ये नाही, म्हणून सोडली. कोनाले सांगू नको म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पन त्या झाकल्या मुठीनं तुयं नुकसान होऊन राह्यलं, तवा मी उघडून दिली.

हे कायचं दुखनं हाय ते मले माहीत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, एवढं मले समजते. तू राजीनामा देऊ नको. हे मी सांगतलं असं त्याइले सांगशील त सांग. मी भेत नाही.

तुयी
इंदूकाकू


नेर
१७ नोव्हेंबर

चि. अस्मा,

काकूने पत्र टाकल्याचं मला सांगितलं. पोस्टात टाकून आल्यावर सांगितलं, आधी नाही. हुशार बाई आहे.

तिने लिहिलं ते खरं. तिलाही माहीत नाही ते आता मी लिहितो.

माझा हात एकदा चुकला आहे. दोन हजार एकचा डिसेंबर. बबनराव नावाचा लाईनमन, माझ्याच वयाचा, परमिट घेऊन गेला. गमछा बांधून गेला. तेव्हाही नियम होता: गमछा ज्याचा, त्यानेच येऊन सोडायचा. दुपारी साहेबांचे फोनवर फोन, जिनिंगवाल्यांची ओरड. तेवढ्यात कोणीतरी सायकलवर येऊन सांगून गेला, बबनरावाचं काम झालं म्हणून. मी त्याचा गमछा माझ्या हाताने सोडला आणि लाईन चालू केली.

दहा मिनिटांनी बबनराव आला. जिवंत. घामाघूम. पाणी प्याला. गमछा घेतला, तोंड पुसलं आणि गेला. लाईन चालू केली तेव्हा तो खांबावर होता की खाली, हे मी त्याला विचारलं नाही. तेवीस वर्षं विचारलं नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांना गमछ्याचा नियम शिकवत फिरलो आणि त्या दिवसापासून माझं मन रोज त्याला खांबावर चढवतं.

तुला मी बढाई मारली. त्या बढाईला मापून तू स्वतःला खोटं ठरवलंस. हा माझा गुन्हा आहे, आणि तो मी कबूल करतो. त्यात भर म्हणून उपायही मी तुला अर्धाच दिला. गमछा दुसऱ्याचा होता, सोडणारा दुसरा होता, म्हणून तो कामाचा होता. तूच बांधायचा आणि तूच सोडायचा, तर साक्षीदार कोण? मग माणूस स्वतःलाच शंभर वेळा विचारत राहतो. हे मला कळायला हवं होतं. मी स्वतः घरात तेच करत होतो.

हा ताण नाही, पोरी. ताण कसा असतो ते मला माहीत आहे. कापूस भिजायला आला आणि गाडी मिळेना, तो ताण. गाडी मिळाली की माणूस घोरतो. हे जे तुला नि मला आहे, ते गाडी मिळाल्यावरही घोरू देत नाही. याचं नाव मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जा. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. लोक काही म्हणतात, म्हणू दे. तीस तारखेच्या आत जा. नंतर राजीनामा द्यायचा तर दे, मी आडवा येणार नाही. पण माझ्यावरून स्वतःला मापून देऊ नको.

घनश्याम


फुलसावंगी
२८ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र आणि काकूंचं पत्र दोन दिवसांच्या अंतराने आलं. आधी राग आला. खूप. तुम्ही सप्टेंबरमध्ये एवढंच लिहिलं असतं की 'मलाही होतं', तर मी तीन महिने स्वतःला कोसत बसले नसते. हे लिहून टाकते, नाहीतर आत राहील. मग रडले. मग अम्मीला सगळं सांगितलं. तिने पेटीतली शाल काढली, माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "कल चलेंगे यवतमाळ."

डॉक्टर बाई आहेत. त्यांनी फीडर, परमिट, खांब, सगळं विचारून समजून घेतलं. कागदावर चित्रसुद्धा काढायला लावलं. मग खांबावर बोट ठेवून विचारलं, "आत्ता, या क्षणी, इथे कोणी आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"आणि धडधडतंय?"

मी म्हटलं, हो.

तेव्हा त्यांनी सांगितलं. खांबावर माणूस असताना जीव वरखाली होतो तो ताण, आणि तो हवाच, त्यानेच तुला नंबर विचारायला लावला. माणूस उतरला की तोही उतरतो. खांब रिकामा आहे, तुला माहीत आहे रिकामा आहे, तरी जीव उतरायला तयार नाही, तर ती चिंता. चिंतेचा आजार. अशक्तपणा नाही, भित्रेपणा नाही. गोळी दिली आहे आणि एक अभ्यास: एकदा बघायचं. दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं की घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. मग दहा. मग वीस. म्हणाल्या, बघितल्याने भीती जात नाही, पुढच्या वेळेसाठी पोसली जाते.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं थांबताना मी ओढणीचं टोक चावून ओलं केलं. पण थांबले.

राजीनामा दिला नाही. साहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. डिसेंबर संपेपर्यंत मला रजिस्टर आणि तक्रारींचं काम दिलंय, हँडल नाही. एक जानेवारीला परत बसायचं. बसता आलं नाही तर दुसरीकडे बदली मागायची असं ठरलंय. त्या दिवसाची मला आत्तापासून भीती वाटते. ही कोणती, ताण की चिंता, ते आता विचारू नका. दोन्ही असतील.

काका, डॉक्टरांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. नाव नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेवीस वर्षं? त्यांना घेऊन ये." मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. नेरहून बस आहे. येत्या मंगळवारी मी यवतमाळच्या स्टँडवर उभी राहीन.

आणि बबनराव कुठे असतात?

अस्मा


नेर
१६ डिसेंबर

चि. अस्मा,

तीन तारखेच्या मंगळवारी मी आलो नाही. तू स्टँडवर दोन तास उभी होतीस, हे काकूकडून कळलं. बसमध्ये बसलो होतो. तिकीटही काढलं होतं. नेरच्या बाहेर पडायच्या आत मोटारीचा डबा आठवला आणि उतरलो. काकू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः तयार होऊन बसली. म्हणाली, दवाखान्यात नाही तर नाही, बाभुळगावला चला. बबनराव तिथे असतो, मुलाजवळ. गॅसचा गमछा तिने स्वतःच सोडला आणि तोच माझ्या गळ्यात टाकला. मी म्हटलं, अगं, पण... ती म्हणाली, "आता टाकी मी पायतो. तुमी चाला."

बबनराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. म्हातारा झालाय, दात नाहीत, पण मांडी घालून बसतो अजून. चहा झाला. तब्येतीच्या गोष्टी झाल्या. मग मी सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. काकू म्हणते, मी त्याच्याकडे न बघता शेंगांकडे बघून बोललो.

तो शेंगा सोलतच राहिला. म्हणाला, "मले माहीत हाय."

मी म्हटलं, काय माहीत आहे?

"मी आलो तवा गमछा तुह्या हातात होता. हँडलले नोहता. तवाच समजलं."

"मंग तू कुठी होता, बबन? लाईन चालू झाली तवा?"

"खालीच होतो. चप्पल घालून राह्यलो होतो. बाजूच्या वावरातली मोटार गरगरली, मटलं, घनश्यामनं सोडली वाट्टे."

चप्पल घालत होता, अस्मा. मी तेवीस वर्षं त्याला खांबावर ठेवलं आणि तो खाली चप्पल घालत होता.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "तुहं तोंड पाह्यलं. मटलं, हा बोलंन. तवा मी बोलतो, कायी नाही झालं. तू बोललाच नाही. मी वाट पायत राह्यलो."

मी रडलो. एवढा मोठा माणूस, अंगणात, त्याच्या सुनेसमोर. बबनरावाने माझ्याच गळ्यातल्या गमछ्याने माझं तोंड पुसलं.

तुला वाटेल, आता मी बरा झालो. मलाही वाटलं. परतीच्या बसमध्ये हलकं हलकं वाटत होतं. घरी आलो आणि पहिल्यांदा मोटारीचा डबा बघायला गेलो. मग मेन स्विच. मग पुन्हा डबा. तिथे उभा राहून मला कळलं, तुझ्या डॉक्टर बाई काय म्हणतात ते. बबनराव उतरला, माझा जीव उतरला नाही. कारण संपलं, दुखणं राहिलं.

म्हणून मागच्या शुक्रवारी गेलो. तुला न सांगता गेलो, पुन्हा उतरलो असतो तर तुला उभं ठेवायचं नव्हतं. बाईंनी तोच प्रश्न विचारला. गोळी दिली. काकूने तिथल्या तिथे कानाच्या डॉक्टरकडेही ढकललं. आता कानात मशीन आहे. कावळेसुद्धा एवढे ओरडतात हे मी विसरलो होतो.

एक तारखेला काय झालं ते कळव. बसता आलं नाही तरी कळव.

घनश्याम


फुलसावंगी
४ जानेवारी २०२५

काका,

एक तारखेला बसले.

आधी लाल गमछा भावसिंगला देऊन टाकला. म्हटलं, हा तुझा, गळ्यात घाल. तो म्हणाला, "लाल रंगात मी नवरदेव दिसतो ताई." त्याची बायको म्हणे हसली. हँडल आता रिकामं आहे. पहिला तासभर मला ते उघडं उघडं वाटत होतं.

सव्वाअकराला त्याने परमिट घेतलं. लाईन बंद केली, नंबर दिला, लिहिलं. जीव वरखाली होत होता, पण मी त्या जीवालाच म्हटलं, हो रे, आत्ता खांबावर माणूस आहे, आत्ता तू बरोबर आहेस. दुपारी एकला फोन वाजला. हात गार पडले. उचलला. नाव विचारलं, नंबर विचारला. एकदाच. त्याने सांगितलं. लिहून घेतलं. आणि लाईन चालू केली.

त्यानंतरची वीस मिनिटं कशी गेली ते मला आणि त्या घड्याळाला माहीत. तीनदा उठले, तीनदा बसले. मनाने भावसिंगला खांबावर चढवलं, खाली पाडलं, सगळं केलं. मी रजिस्टर उघडलं नाही. त्याला फोन केला नाही. वीस मिनिटं झाली तेव्हा बघायला जायची मुभा होती. गेले नाही. डबा उघडला आणि जेवले. अम्मीने ठेचा दिला होता, तुमच्यापेक्षा तिखट.

दुसऱ्या दिवशी एकदा हरले, दोनदा बघितलं. तिसऱ्या दिवशी नाही. डॉक्टर म्हणतात, असंच होईल. भीती गेलेली नाही, काका. फक्त ती बोलली की दर वेळी मी उठत नाही.

आता एक मागणं आहे. तुमच्या कानात मशीन आलंय आणि घरच्या फोनला मी अजून घाबरते. रविवारी सकाळी दहाला मला फोन करा. वाजला की छाती धडधडेल. मी उचलीन.

तुमची
अस्मा